बिनडागाची पांढरी

थोरला सकाळी तबेल्याचं दार ढकलायचा तेव्हा घोडीच्या तोंडाकडे बघायचा नाही, मागे पुठ्ठ्याकडे बघायचा. आधी उजवा पुठ्ठा, मग गुडघा, मग गाल. पांढरी रोज उजव्याच कुशीवर पडायची आणि जिथे पडायची तिथे लीद हमखास असायची. एवढ्या तबेल्यात हिला एक कोरडी जागा सापडू नये म्हणजे ही मुद्दाम करते, असं त्याचं ठाम मत होतं.

"बघ, बघ," तो धाकट्या भावाला हाक मारून दाखवायचा. "काल तासभर घासली होती हिला."

"घोडं आहे दादा, चादर नाही," धाकटा म्हणायचा आणि आपल्या तांबड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधायला वळायचा.

तांबड्याचं बरं होतं. त्याचा रंगच असा की चिखलात लोळून आला तरी कुणी काही विचारणार नव्हतं. तो भट्टीवरच्या विटा वाहायचा आणि विटांचा भुगा त्याच्या अंगावर दिसायचाही नाही. पांढरी मात्र तळ्याकाठच्या हॉटेलची बग्गी ओढायची. सकाळी पाहुण्यांना तळ्याला एक चक्कर, संध्याकाळी आणखी एक. कामं निराळी, पण दोघं शिंगरं होती तेव्हापासून एकाच छपराखाली शेजारी शेजारी बांधलेली. बापानं तशी बांधली होती, म्हणून पुढेही तशीच राहिली.

डाग काढण्याचं काम थोरल्यानं दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. ओल्या लिदीवर पाणी ओतलं की डाग केसांच्या मुळाशी जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी वाळल्या गवताची वेणी वळून तो सुकं सुकं खरवडून काढायचा. मग खरारा. मग कोमट पाणी आणि साबण, तेही हाताच्या तळव्यानं, केसांच्या दिशेनं. एवढ्यानंही पिवळी झाक राहायचीच. मग ओल्या अंगावर खडूची भुकटी चोळायची, घोडी उन्हात उभी करायची, भुकटी वाळली की झटकायची आणि फडक्यानं पुसून घ्यायचं. तोवर चहा दोनदा गार व्हायचा. धाकट्याची बायको दोनदा गरम करून द्यायची आणि तिसऱ्यांदा म्हणायची, "भावजी, आता घोडीलाच पाजा."

एकदा त्यानं शेवटच्या पाण्यात नीळ घालून बघितली. कपडे पांढरेशुभ्र होतात, मग घोडी का नाही? नीळ जरा जास्त पडली. उन्हात उभी केल्यावर पांढरी अशी काही निळसर दिसायला लागली की धाकटा हसता हसता खाली बसला. हॉटेलच्या मॅनेजरनं लांबूनच हात वर केला आणि त्या दिवशी बग्गी माघारी पाठवली. थोरला पुढे कितीतरी दिवस त्या विषयावर कुणाशी बोलला नाही.

हा मॅनेजर म्हणजे मोठा चिकित्सक माणूस. पाहुणे बग्गीत चढायच्या आधी तो खिशातून पांढरा रुमाल काढायचा आणि घोडीच्या पुठ्ठ्यावरून फिरवायचा. रुमालाला काही लागलं तर तो थोरल्यासमोर धरायचा. बोलायचा काहीच नाही. पाहुणे रुमालाकडे बघायचे, मग थोरल्याकडे. थोरला मान खाली घालून लगाम सारखा करायचा. एखादी बाई नाकाला पदर लावायची. खरं तर घोडीच्या अंगाला वास येत नव्हता, पण रुमाल बघितल्यावर तो येतोच.

त्या वर्षी पावसानं डोळे वटारले आणि सगळं आणखी अवघड झालं. गवताची गंजी माणसाच्या कमरेएवढी उरली. जे होतं ते जनावरांच्या पोटात घालायचं की त्यांच्या अंगाखाली, हा प्रश्नच नव्हता. तबेल्याची जमीन उघडी पडली. मूत जिरायला काही उरलं नाही, लीद पसरायला लागली. तांबड्या अंगानं आडवातिडवा, मोठा घोडा. त्याची घाण उतारानं वाहत पांढरीच्या जागेत यायची. सकाळी पांढरीचा उजवा पुठ्ठा हिरवापिवळा असायचा, आणि विहीर एवढी खोल गेली होती की दोन बादल्या ओढताना थोरल्याच्या खांद्यातून कळ यायची.

"हा तुझा रेडा इथून हलव," एके दिवशी तो म्हणाला.

"कुठे हलवू?" धाकट्यानं विचारलं.

"कुठेही. ह्याच्या घाणीपायी माझं काम जाईल."

"तुझं काम जाईल, आणि माझं काम म्हणजे काय खेळ आहे?"

इथून बोलणं जे वाढलं ते घोड्यांवर थांबलं नाही. घर कुणी शाकारलं, बापाला शेवटी कुणी उचललं आणि कुणी नुसतं बघितलं, चहा दोनदा गरम कोण करतं, सगळं निघालं. थोरल्याचं लग्न राहून गेलं होतं. तो त्या घरात इतकी वर्षं पाहुण्यासारखं ताट समोर येईल तसा जेवत होता, हेही धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर धाकट्यालाच ते टोचलं असावं, पण शब्द बाहेर पडले होते. थोरल्याचं डोकं फिरलं. तो तबेल्यात गेला, तांबड्याचं दावं सोडलं, त्याला अंगणाबाहेर ओढत नेलं आणि रस्त्यावर कुंपणाच्या खांबाला बांधलं.

धाकटा बराच वेळ तांबड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "जोडी तोडू नकोस दादा."

"घाण गेली एकदाची," थोरला म्हणाला.

रात्री धाकट्यानं तांबड्याला परत आत आणून बांधलं, पण महिना संपायच्या आत त्यानं भट्टीपलीकडे एक खोली आणि पत्र्याची शेड बघितली. जाताना त्याच्या बायकोनं चुलीजवळची भांडी वाटून ठेवली. थोरल्यासाठी चहाचं पातेलं, एक ताट, एक तवा. ती उंबऱ्यात थांबून काहीतरी बोलणार होती, पण थोरला खरारा शोधायचं निमित्त करून आत गेला आणि ती गेल्याशिवाय बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तबेल्याचं दार ढकललं आणि पुठ्ठ्याकडे बघितलं. पुठ्ठा पांढरा होता. गुडघा पांढरा, गाल पांढरा. त्यानं वाकून पोटाखाली बघितलं, शेपटी उचलून बघितली. कुठे काही नाही. त्याला एवढा आनंद झाला की वळून हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं. मग लक्षात आलं की हाक मारायला कुणी नाही.

तेव्हापासून घोडी रोज स्वच्छ. नुसता खरारा केला, फडकं फिरवलं की झालं. पाणी वाचलं, खांदा वाचला, साबण वाचला. मॅनेजरनं रुमाल फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला आणि घडी घालून खिशात ठेवला. "असं पाहिजे," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा काही चांगलं बोलला होता. थोरला परत येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटला. पाणक्याला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. "एक डाग नाही बघा. मी म्हणत होतो ना, तो तांबड्याच नडत होता."

"छान झालं की," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. थोरल्याला अजून बोलायचं होतं. त्यानं उगाच खडू मागितला, जो आता त्याला लागतच नव्हता.

घरात मात्र सकाळ संपता संपेना. पूर्वी डाग काढण्यात जो वेळ जायचा तो आता नुसता पडून असायचा. तो चहा करायचा, एकदाच, गरम असतानाच पिऊन टाकायचा. मग अंगण झाडायचा. धाकट्याच्या खोलीचं दार त्यानं आधी लावून घेतलं, मग उघडं ठेवलं, मग परत लावलं. रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. दिवसा बसल्या जागी डुलकी यायची आणि मान खाली पडली की दचकून जाग यायची. वय झालं, असं तो स्वतःला सांगायचा. एकटेपणा आला आहे असं सांगायला समोर निदान एक माणूस लागतं.

पांढरीनं आधी चंदीचा दाणा अर्धा टाकला. मग तिच्या डोळ्यांवर खळगे पडले. थोरल्याला वाटलं, गवत कमी म्हणून. त्यानं आपल्या जेवणात काटकसर करून तिचा वाटा वाढवला. तरी बरगड्या मोजता यायला लागल्या. बग्गी ओढताना ती मध्येच लटपटायची. एकदा सरळ रस्त्यावर तिचे पुढचे पाय असे दुमडले की बग्गीतली पोरं किंचाळली. घोडी लगेच सावरली, कान हलवले आणि चालायला लागली. मॅनेजर दारातच उभा होता. त्यानं बघितलं.

एका सकाळी थोरल्यानं पुठ्ठ्याकडे बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि खाली बघितलं तर पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यावर, कातडं सोललेलं होतं. पांढऱ्या केसांतून रक्त ओघळून वाळलं होतं. कुणीतरी आत शिरून हिला मारलं असणार, म्हणून त्यानं दाराची कडी तपासली. कडी जशीच्या तशी. त्यानं गार पाण्यानं रक्त धुतलं. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग बसतो. हळद दाबली, पण हळदीनं पाय पिवळे झाले. मग त्यावर पांढरं फडकं बांधून तो हॉटेलवर गेला.

मॅनेजरनं ह्या वेळी रुमाल काढला नाही. बोटानं फडकं खाली सरकवलं आणि पाहुण्यांकडे बघून हसला.

"आज तुम्हाला मोटारीनं पाठवतो," तो पाहुण्यांना म्हणाला. मग थोरल्याला बाजूला घेतलं. "पुढच्या आठवड्यापर्यंत बघतो. घोडी पडकी दिसली, की बग्गी बंद. लोक फिरायला येतात, कीव करायला नाही."

थोरला परस्पर नालबंदाकडे गेला. नालबंद तोंडानं फटकळ, पण हात हलका. त्यानं पांढरीचा पाय मांडीवर घेतला, फडकं सोडलं, जखमेला नाक लावून वास घेतला, मग दुसरा पाय बघितला.

"मारलंय ना कुणी?" थोरल्यानं विचारलं.

"कुणी नाही मारलं. दोन्ही पायांना सारखंच कोण मारेल? ही पडते. उभी असते आणि पडते."

"अशक्त झाली म्हणून?"

नालबंदानं पाय खाली सोडला आणि घोडीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "मागे इथे कायम पिवळं असायचं. तू भुकटी फासून आणायचास, तरी कळायचं."

"आता नाही," थोरला म्हणाला. एवढ्या काळजीतही त्याला बोलल्याशिवाय राहवलं नाही. "भाऊ गेल्यापासून एक डाग नाही. एकसुद्धा नाही."

नालबंद त्याच्याकडे बघतच राहिला. "एकसुद्धा नाही?"

"आईशप्पथ."

"अरे, म्हणजे ती बसलीच नाही तेव्हापासून."

थोरल्याला चटकन कळलं नाही. नालबंदानं हातोडी बाजूला ठेवली.

"घोडं डुलकी उभ्यानं काढतं, पण पुरती झोप काढायला त्याला आडवं व्हावं लागतं. आणि आडवं ते कधी होतं? शेजारी कुणीतरी जागं असलं की. एकटं असलं की सारखं कान टवकारून उभं. मग कधीतरी झोप अनावर होते, उभ्या उभ्याच लागते, पुढचे पाय दुमडतात, आणि हे असं सोलतं. डाग नाही म्हणून गावभर सांगत काय फिरत होतास?"

थोरल्यानं पांढरीच्या त्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघितलं आणि त्याला पहिल्यांदा तो बघवेना. रोज सकाळी आपण हा बघून खूश होत होतो. रोज सकाळी ती आपल्याला दाखवत होती की आजही झोपले नाही.

"मग मी झोपतो तिच्यापाशी," तो शेवटी म्हणाला.

"झोप. बघ काय होतंय," नालबंद म्हणाला.

त्यानं खरंच गोधडी तबेल्यात नेली. गंजीतलं होतं नव्हतं ते गवत पांढरीच्या जागेत अंथरलं, चांगलं जाड, आणि स्वतः तांबड्याच्या जागेत आडवा झाला. पांढरी लगेच वळली. उजवी कूस त्याच्याकडे केली, पाय जरा फाकवले आणि स्थिर उभी राहिली. धुवायला उभी राहायची तशीच.

"अगं, नाही," थोरला म्हणाला. "पड. आज धुवायचं नाही."

ती तशीच उभी. तो उठून दुसऱ्या बाजूला गेला तर तिनं वळून पुन्हा उजवी कूस पुढे केली. त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला तर मान ताठ झाली, कातडं थरथरलं, कारण त्याच्या हातापाठोपाठ नेहमी पाणी आलं होतं. त्यानं डोळे मिटून घोरल्याचं सोंगसुद्धा केलं. घोडीला ते पटलं नसावं. दुपारी झोपून बघितलं, रात्री झोपून बघितलं. जेव्हा डोळे उघडावेत तेव्हा ती उभी आणि पुठ्ठा त्याच्याकडे. इतकी वर्षं तो रोज तिच्या अंगाला हात लावत आला होता, पण एकदाही नुसता येऊन बसला नव्हता. तो आला की तिच्यासाठी काम सुरू व्हायचं. ती त्याला ओळखत होती ती अशी. थोरल्याला त्या गोधडीवर बसल्या बसल्या रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. तिथे बघायला तरी कोण होतं?

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर त्यानं पांढरीला मोहरकी घातली आणि भट्टीच्या वाटेनं निघाला. ती वाट तो आजवर टाळत आला होता. ऊन मी म्हणत होतं. पांढरी दोनदा अडखळली. दोन्ही वेळा त्यानं खांदा लावून तिला सावरलं. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. 'सहज आलो' म्हणावं तर सोबत घोडी. 'चुकलं' म्हणावं तर तोंडातून निघेल की नाही ह्याची खात्री नाही. भट्टीपाशी पोचेपर्यंत काहीच जुळलं नव्हतं.

पण तोंड उघडायची वेळच आली नाही. पत्र्याच्या शेडमधून तांबड्या खिंकाळला. पांढरीनं असं काही उत्तर दिलं की दावं थोरल्याच्या हातातून सुटलं. ती जखमी पायांनी धावतच शेडमध्ये शिरली. तांबड्याच्या मानेला नाक लावलं, एकदा, दोनदा. गोल फिरली, गुडघे मोडले आणि त्याच्या पायाशी, होती तिथेच, लिदीत आडवी झाली. पाय लांब सोडले, गाल जमिनीला टेकवला. तांबड्या दोन पावलं सरकला आणि तिच्या डोक्याशी उभा राहिला.

धाकट्याची बायको हात पुसत बाहेर आली. थोरल्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मग घोडीकडे बघितलं आणि घाबरली. "भावजी, हिला काय झालं?"

"झोपलीय," थोरला म्हणाला.

ती दोघं तिथेच बसली. पांढरी घोरत होती. मध्येच तिचे पाय हलायचे, ओठ थरथरायचे, स्वप्नात पळत असावी. सावल्या लांबल्या. थोरल्यानं एकदा तळ्याच्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

धाकटा विटांच्या गाडीचं चाक दुरुस्त करून आला तो अंगणातच थबकला. त्यानं भावाला बघितलं, शेडमध्ये बघितलं, सोललेले पाय बघितले. मग म्हणाला, "हॉटेलची वेळ झाली ना?"

"गेली," थोरला म्हणाला.

"उठव की मग."

"नको, झोपू दे."

धाकटा त्याच्या शेजारी बसला नाही. दाराच्या खांबाला टेकून उभा राहिला. "राहू दे तिला इथे," तो म्हणाला. "चंदी तुझी तू आणायची."

"आणतो."

"आणि डाग पडणार. मग मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार. सकाळी मी येऊन काढत जाईन." थोरला थांबला. "मी चुकलो होतो."

धाकट्यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की राहू दे म्हणून, ते कळलं नाही. तो हातपाय धुवायला गेला.

"आणि तुम्ही तिकडे एकटेच?" धाकट्याच्या बायकोनं विचारलं. तिनं मागे वळून आपल्या एकुलत्या एक खोलीकडे बघितलं आणि पुढचं बोलली नाही.

"माझं काय," थोरला हसून म्हणाला, "मला उभ्या उभ्यासुद्धा झोप लागते."

ती हसली नाही. चहा ठेवते म्हणाली, पण तो उठलाच. जाताना शेडमध्ये वाकला आणि पांढरीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. हाताला ओली लीद लागली. तो वाट बघत थांबला, पण ती उठली नाही, तिनं कूस पुढे केली नाही, कानही हलवला नाही. त्याला फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं. हात न पुसता तो रस्त्याला लागला.